द्राक्ष फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर हवा धरत असेल, तर आधी पारदर्शक नळी लावून पाहावी

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (डोळे फुटण्याच्या) अवस्थेपासून फुलोरा संपेपर्यंतचा काळ तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर आणि साताऱ्याकडील खटाव-माण भागातील बागांसाठी डाऊनी मिल्ड्यू या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. याच दिवसांत परतीचा पाऊस येतो, पाने रात्रभर ओली राहतात आणि घडावर गेलेला डाऊनी नंतर कोणत्याही औषधाने मागे फिरत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरवर चालणारा फवारणीचा ब्लोअर बांधात अडकून पडल्यामुळे गेलेल्या बागा दरवर्षी पाहण्यात येतात. बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर हवा धरतो, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरते, हे मालकाला आधीपासून ठाऊक असते. रोज सकाळी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, डिझेल चढवण्याचा हँड पंप मारून, हवा काढून काम पुढे रेटलेले असते. हवा काढणे ही दुरुस्ती नाही, कारण ती जिथून आत शिरते ती जागा तशीच राहते.

ट्रॅक्टर पूर्ण बंद पडला तर निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे तो मिसिंग करत चालू राहतो. डिझेल पंपात हवा आली की ती दाबली जाते, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि इंजिनचे फेरे पडतात. पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांच्या खाली गेला की ब्लोअरचा वारा कमी होतो, थेंब जाड पडतात आणि पानाची खालची बाजू, जिथे डाऊनीची पांढरी बुरशी येते, नेमकी तीच कोरडी राहते. शेतकरी मात्र औषध बनावट निघाले असे समजून त्याहून महाग औषध आणतो.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) हा ओढीचा भाग असल्याने तिथला बारीकसा सैल जोड डिझेल न गळताही हवा आत घेतो, म्हणून बाहेरून पुसून काही सापडत नाही. उपाय साधा आहे. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी, मूळ रबरी पाइपच्याच आतील व्यासाची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टाकीच्या कॉकपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाइप काढून तिथे ही नळी क्लिपा लावून बसवावी, मध्ये एक लोंबता वळसा ठेवावा आणि सायलेन्सर व फॅन बेल्टपासून ती लांब बांधावी. बसवताना आत राहिलेली हवा सुरुवातीला दिसणारच. हवा काढून इंजिन काही मिनिटे चालवावे, मग फेरे वाढवून पाहावे.

नळीत बुडबुड्यांची माळ सतत येत असेल, तर दोष टाकीच्या बाजूला आहे: कॉक, पाणी-गाळ साठणाऱ्या काचेच्या वाटीचे गॅस्केट किंवा पाइप चढवायचे निपल. तिथे डिझेल स्वच्छ वाहत असूनही इंजिन हवा धरत असेल, तर नळी फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये लावावी. आता बुडबुडे दिसले, तर फीड पंपात डिझेल शिरते तिथला जोड किंवा हँड पंपाचे सील हवा घेत आहे. बुडबुडा एकही नाही, पण इंजिन तासाभराने दम सोडते, अशा वेळी टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र किंवा टाकीतील जाळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. वळशाच्या तळाशी वेगळे थेंब जमून हलत राहिले, तर ते पाणी आहे आणि टाकी तळातून रिकामी करावी लागेल.

माझा अंदाज असा की निम्म्याहून अधिक वेळा दोष बॅन्जो बोल्टच्या (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमध्ये निघतो. फिल्टर नवा घालतात आणि दबून गेलेला जुना वॉशर तसाच चढवून पान्याने जोर लावतात. वॉशर नवा घालावा. घट्ट आवळल्याने जुना बसत नाही. शेडमध्ये उंदीर असतील, तर रबरी पाइप वाकवून खालची बाजूही पाहावी.

हे पाहण्याआधी पंप-नोझलचे काम काढू नये. डिझेलमध्ये ओतायच्या बाटल्या आणि नवा फीड पंप दुकानदार लगेच पुढे करतो, पण सैल क्लिप त्याने घट्ट होत नाही.

ही नळी केवळ तपासणीपुरती आहे. डिझेल आणि उष्णतेने ती कडक होते व तडकते, म्हणून दोष सापडताच मूळ दर्जाचा डिझेल पाइप परत बसवावा. डिझेल पंप ते नोझल या लोखंडी नळ्यांच्या जागी ती कधीही लावू नये, कारण तिथला दाब कातडी फोडून डिझेल अंगात घुसवण्याइतका असतो. कॉमन रेल इंजिनच्या (सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) ट्रॅक्टरवर उच्च दाबाच्या भागाला घरी हात लावूच नये.

छाटणीआधीची नेहमीची कामे:
- टाकीतील पाणी काढणे
- फिल्टर व सर्व वॉशर बदलणे
- क्लिपा तपासणे
- टाकी शक्यतो भरलेली ठेवणे
- ब्लोअरच्या नोझल साफ करणे

पाऊस तोंडावर असेल आणि दोष सापडत नसेल, तर मिस्त्रीची वाट पाहू नये. शेजाऱ्याचा ब्लोअर मागावा किंवा एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाला गन लावून पानाच्या खालून औषध मारावे. पाने कोरडी असताना, पाऊस येण्याआधी, मँकोझेब 75 टक्के हे पानावरच राहणारे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात चालते. पाऊस होऊन गेल्यावर त्यावर विसंबू नये, आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारे) औषध लेबलवरील मात्रेनेच घ्यावे आणि वाफसा नसला तरी गन घेऊन पायी बागेत जावे.