निकाल लागेपर्यंतची वही : स्पर्धा परीक्षेच्या काळात कृतज्ञता कशी जोपासावी

राज्यसेवा पूर्व परीक्षा १४ मार्च २०२१ ला होती. तीन दिवस आधी ती पुढे गेली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला पेपर झाला. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची तारीख थेट १ डिसेंबरवर गेली. पूर्व झाली की उत्तरतालिका, मग दुसरी उत्तरतालिका, मग कट-ऑफचे अंदाज, मग मुख्य. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहून या साखळीत तीन-चार वर्षं काढणाऱ्याला कुणी ‘जे आहे त्यात समाधान मान’ म्हटलं, तर त्याचं डोकं फिरणं साहजिक आहे.

कृतज्ञतेचा सराव म्हणजे हा सल्ला नव्हे. गेल्या आठवड्यात कुणी आपल्यासाठी नेमकं काय केलं हे हुडकून लिहायचं आणि त्यातलं थोडं त्या माणसापर्यंत पोचवायचं, एवढंच ते काम आहे. फायदा होतो, पण माफक. अशा सरावांवरच्या अनेक अभ्यासांचा २०२१ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात चिंता आणि नैराश्यावरचा परिणाम लहानच निघाला. त्यामुळे वहीकडून उपचाराची अपेक्षा नको. दिवसभर गुणांच्या बेरजा करणारं डोकं आठवड्यातून थोडा वेळ दुसरीकडे वळलं, तरी पुष्कळ.

वही आणि वेळ

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, कारण मोबाइल उघडला की टेलिग्रामचे ग्रुप उघडतात आणि तिथे कुणीतरी ‘सेफ स्कोअर’, म्हणजे पास व्हायला किती गुण पुरतील याचा अंदाज, टाकलेला असतोच. अभ्यासाच्या नोट्सच्या वहीची मागची पानंही नकोत; उजळणी करताना ती समोर येतात आणि धड ना अभ्यास होतो, ना हे.

पहिला आठवडा रोज रात्री दहा मिनिटं लिहा. हा फक्त हात बसण्यासाठी. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला होता. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रोज तेच लिहिलं की त्याची नुसती औपचारिकता होते, देवाला घातलेल्या घाईच्या फुलासारखी.

वार ठरवताना टेस्ट सिरीजचं, म्हणजे सराव परीक्षांचं वेळापत्रक बघा. मार्क कळल्यावर लगेच लिहायला बसलात तर वहीत मार्कच उतरतात. बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. बाहेर खायला निघण्याआधीचा तो अर्धा तास बरा पडतो. रविवारीच टेस्ट असेल तर शनिवारी रात्री बसा. एखादा आठवडा बुडाला तर बुडाला. पुढच्या वेळी दुप्पट लिहून भरून काढू नका.

नोंद कशी करायची

तीनच नोंदी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात : कोण, नेमकं काय, त्यासाठी त्या माणसाला काय कष्ट पडले आणि त्यामुळे तुमचं काय सोपं झालं.

‘चांगले मित्र मिळाले’ ही नोंद वाया गेली. तीच अशी लिहा : ‘बुधवारी पावसात अभ्यासिकेचं छत माझ्या टेबलावर गळत होतं. मी चहाला गेलो होतो. शेजारच्या टेबलावरच्याने माझ्या नोट्स उचलून स्वतःकडे ठेवल्या, त्यासाठी आपली पुस्तकं खाली जमिनीवर ठेवली. राज्यघटनेचं एक पानही भिजलं नाही. त्याचं नावसुद्धा मला नीट माहीत नाही.’ या पाच वाक्यांत वार आहे, जागा आहे आणि जमिनीवर गेलेली पुस्तकं आहेत. या तपशिलामुळेच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येतो. तो आला नाही, तर लिहिणं म्हणजे नुसती हजेरी.

शेवटी एक ओळ ‘हे का घडलं?’ याचीही लिहा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहायला सांगितली होती. सहा महिन्यांनीही बरा परिणाम दिसला, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात तो जास्त टिकला. कारण शोधताना कळतं की गोष्ट आपोआप झाली नव्हती, कुणीतरी ठरवून केली होती.

काहीच सुचत नसेल तर उलटं करा. एखादा माणूस किंवा सोय निवडा, उदाहरणार्थ रूममेट. तो तुमच्या खोलीत कसा आला? कुणाचा फोन, कुणाची ओळख, कुठली रिकामी कॉट? आता यातलं काय काय घडलं नसतं तर तो आलाच नसता, ते सात-आठ ओळींत लिहा. २००८ च्या एका अभ्यासात असं वजा करून लिहिणाऱ्यांना, ‘ही गोष्ट माझ्याकडे आहे’ असं सरळ लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं होतं. काहीच न सुचलेल्या आठवड्यात याच पद्धतीचा उपयोग होतो.

घरच्यांबद्दल लिहिताना

सगळ्यात जास्त गाडी इथे अडते. परदेशी लेखांत याचा उल्लेख क्वचितच असतो.

वही उघडली की पहिलं नाव आई-वडिलांचं येतं. वडिलांनी सोयाबीन पडेल भावाने विकून फी भरली, आईने बचतगटातून पैसे उचलले, धाकटीच्या लग्नाचा विषय ‘दादाचं होऊ दे’ म्हणून थांबलाय. हे लिहिता लिहिता पुढचं वाक्य आपोआप येतं : ‘आणि मी अजून इथेच आहे.’ मग कृतज्ञता राहते बाजूला आणि ओझं वाढतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंच दिसलं होतं : कृतज्ञतेचं लेखन केल्यावर भारतीय सहभागींना आनंदाबरोबर दुःख आणि अपराधीपणाही जाणवला.

ओळखायची खूण सोपी आहे. लिहून झाल्यावर घरी फोन करावासा वाटतो, की घरचा फोन टाळावासा वाटतो? टाळावासा वाटला तर नोंद चुकीच्या वळणाला गेली.

दुरुस्तीसाठी दोन गोष्टी करा. एक, घरच्यांनी काय केलं एवढंच लिहा आणि ‘म्हणून मला’ हे शब्द आले की पूर्णविराम द्या. ‘म्हणून मला पास व्हायलाच हवं’ हे वाक्य या वहीतलं नाही. दोन, पैशाचं देणं खरंच असेल तर ते भावनेत न ठेवता आकड्यात आणा. वेगळ्या कागदावर कॉट, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज यांचा महिन्याचा खर्च मांडा, घरून किती येतात ते लिहा, आणखी किती प्रयत्न द्यायचे आणि कुठल्या महिन्यापासून दुसरं काम बघायचं ते ठरवा. तो कागद घरी दाखवा. हिशेब कागदावर आला की वहीत आईच्या डब्याला जागा उरते.

‘आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीत कितीतरी जण आहेत’ हा मार्गही टाळा. ती तुलना झाली. शेजारच्या टेबलावरच्याची निवड झाली की तीच तुलना उलटी फिरून तुमच्यावर येते.

सांगायचं कसं

महिन्यातून एका माणसाला प्रत्यक्ष सांगा. सेलिगमन यांच्या त्याच अभ्यासात, आभाराचं पत्र लिहून स्वतः नेऊन देणाऱ्यांना सुरुवातीला सर्वांत जास्त बरं वाटलं. परिणाम महिनाभर दिसला, तीन महिन्यांत ओसरला. म्हणजे अधूनमधून पुन्हा करण्याची ही गोष्ट.

आपल्या घरांत आईला ‘थँक यू’ म्हटलं तर ‘परक्यासारखं काय बोलतोस’ हेच ऐकायला मिळेल. म्हणून आभार मानू नका, उपयोग सांगा. ‘आई, तू दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर मेसची दुधी दोन आठवडे निभावली.’ मेसच्या काकूंना : ‘काकू, परवा मला उशीर झाला तरी तुम्ही दोन पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, नाहीतर उपाशीच टेस्टला बसलो असतो.’ शाळेतल्या सरांना किंवा बाईंना लिहायचं असेल तर दीड-दोनशे शब्द पुरे : त्यांनी कोणत्या वर्षी काय केलं, त्याचा आज काय उपयोग होतो. स्वतःच्या निकालाबद्दल त्यात काही नको. घरी ज्या फोनवर हे सांगाल त्याच फोनमध्ये पैसेही मागू नका. मग आधीचं सगळं प्रस्तावना ठरतं.

संकोच वाटणारच. लिहिणाऱ्याला वाटतं तेवढं समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही आणि त्याला मिळणारा आनंद अंदाजापेक्षा मोठा असतो, असं २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं.

राग आला असेल तेव्हा

तारीख पुढे गेली, प्रश्न रद्द झाले, जाहिरातच निघाली नाही, याचा राग खरा आहे. तो गिळून उजव्या पानावर गोड नोंदी करू नका. डावं पान तक्रारींसाठी ठेवा, आधी तेच लिहा. निवेदनावर सही करायची असेल तर करा. ज्या व्यवस्थेने सहा महिने टांगून ठेवलं तिच्याबद्दल कृतज्ञ असण्याची काही गरज नाही.

निकालाच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस वही उघडू नका. अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहिलेल्याने त्या रात्री चांगल्या गोष्टी मोजणं म्हणजे स्वतःचा छळ. त्या दिवसांत जेवण, झोप आणि एखाद्या माणसाची सोबत एवढंच बघा. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

सहा आठवड्यांनी मागची पानं वाचा. नोंदी दोन-दोन शब्दांच्या झाल्या असतील तर महिनाभर थांबा. एखादं नाव चार-पाच वेळा आलं असेल आणि त्या माणसाला तुम्ही अजून काहीच सांगितलं नसेल, तर पुढचा फोन त्याला.