रोजची आणि कामाची एकच देखणी गाडी कशी निवडावी

मी नवरीचा मेकअप करते. राहायला ठाण्यात कोलशेतला, काम गायमुखपासून पनवेलपर्यंत कुठेही. पहाटेच्या मुहूर्ताला साडेतीनला घर सोडायचं आणि त्याच गाडीने दुपारी लेकीला क्लासला पोचवायचं, असं बारा वर्षं चाललंय. या काळात स्वतःसाठी तीन गाड्या घेतल्या. शिवाय मैत्रिणींसाठी, फोटोग्राफर भावासाठी, घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या वहिनीसाठी शोरूम पालथे घातले. सगळीकडे सल्ला एकच: बजेट ठरवा, मायलेज बघा, रिव्ह्यू वाचा. हे कुणी न सांगताही माणूस करतोच. त्यातून घरची गाडी मिळते. कामाची मिळेलच असं नाही.

१. सामान मांडा

भर लग्नसराईत जेवढं नेता तेवढं सगळं हॉलमध्ये जमिनीवर मांडा आणि मोठ्या वस्तूंची मापं लिहून घ्या. माझ्या दोन ट्रॉल्या, रिंग लाइटची पिशवी आणि घडीची उंच मेकअप खुर्ची.

२. पार्किंगची पाटी वाचा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या नव्या सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग (गाड्या यंत्राने उचलून एकावर एक ठेवणारं) असेल, तर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा तिथे लिहिलेली असते. फोटो काढून शोरूमला न्या. चार मीटरच्या आतली गाडी घेतली की निम्मे प्रश्न मिटतात. करातही फरक पडतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४०.

३. डिकी मोजा, आणि लिटरवर विश्वास ठेवू नका

इथे मी स्वतः फसले, म्हणून सविस्तर सांगते.

माझी पहिली गाडी सीएनजीची हॅचबॅक. शोरूममध्ये जी उघडून दाखवली ती पेट्रोलची होती. डिकी बघून मी खूश झाले, रंग ठरवला, पैसे भरले. हातात आली ती टाकीवाली. टाकीपुढे उरलेल्या जागेत लेकीचं दप्तर आणि भाजीची पिशवी मावायची. ट्रॉल्या मागच्या सीटवर गेल्या आणि दोन वर्षं तिथेच राहिल्या. एका फेब्रुवारीत पहाटे पाम बीच रोडने नेरूळला जात होते. एक बाइक अचानक आडवी आली, मी करकचून ब्रेक मारला आणि वरची ट्रॉली उडून दोन सीटांच्या मधे आदळली. मला लागलं नाही, पण चार काचेच्या बाटल्या फुटल्या. फाउंडेशन सीट बेल्टच्या कुलपात शिरलं आणि तो बेल्ट पुन्हा धड लागला नाही. त्या बेल्टच्या जागी एरवी माझी मुलगी बसायची. त्या दिवसापासून कामाची एकही वस्तू सीटवर ठेवत नाही, आणि डिकीत सामान मावत नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, यादीतून बाद.

आता कंपनी डिकीची जागा लिटरमध्ये सांगते, त्याचं. डिकीचं माप काढताना साधारणपणे एकेक लिटरचे छोटे ठोकळे कोनाकोपऱ्यांत भरून मोजतात. एक ठोकळा २० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ५ उंच. चाकाच्या फुगवट्यामागचा खळगाही त्या आकड्यात धरला जातो. तुमची ट्रॉली त्या खळग्यात शिरणार आहे का? म्हणून शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि चार मापं स्वतः घ्या. तळाची खोली, सीटच्या पाठीपासून बंद दरवाज्यापर्यंत. दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी. डिकीच्या तोंडाची उंची. आणि जमिनीपासून डिकीच्या कडेपर्यंतचं अंतर.

चौथं माप कुणीच घेत नाही, आणि कंबर तिथेच जाते. भरलेली ट्रॉली दिवसातून चार-सहा वेळा चढवायची-उतरवायची असते. कड कमरेच्या जवळ आली की खांद्याने ओढावं लागतं, आणि कडेच्या आत खोल खड्डा असेल तर बाहेर काढताना वाकून उचलावं लागतं. वहिनीने मला एकदा असं उचलताना पाहिलं आणि पुढची गाडी निवडताना टेप तिनेच हातात घेतला. कड खाली आणि आतला तळ तिच्याच पातळीत, अशी डिकी शोधा. ट्रॉलीची चाकं घासून बंपरच्या वरच्या बाजूला पांढरे ओरखडे उठतात, देखण्या गाडीची रया तिथूनच जाते. कडेवर बसणारी पट्टी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

मागची काच फार उतरती असेल तर उभी ट्रॉली काचेला टेकते. घरी पुठ्ठा कापून ट्रॉलीचा आकार करा आणि डिकीत उभा करून बघा. खरं तर ट्रॉलीच घेऊन जा. सेल्समन हसला तर हसू द्या. घडी घातलेली सीट सपाट होते की मधे पायरी राहते तेही तेव्हाच कळतं. डिकीचा दरवाजा वर उघडणारा हवा, पण इमारतीखालच्या पार्किंगमधल्या पाइपला आपटतो का ते घरी तपासा. पावसाळ्यात गेटबाहेर सामान काढताना त्याच दरवाज्याखाली उभं राहून मी साडीच्या पिशव्या कोरड्या ठेवते.

सीएनजी हवाच असेल तर टाकी बसवलेलीच गाडी उघडून बघा. टाटाने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्यामुळे सीएनजी नेक्सॉनला ३२१ लिटर जागा उरते, पेट्रोलला ३८२ आहे. टाटाच्याच ‘पंच’ या लहान गाडीच्या सीएनजी मॉडेलला २१० उरते, ती माझ्या कामाला अपुरी. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते हेही लक्षात ठेवा.

मी शेवटी रेनोची ट्रायबर घेतली, पेट्रोलची, तीन रांगांची. लांबी ३९९० मिलिमीटर, त्यामुळे पार्किंगमध्ये बसते. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट पूर्ण काढून ठेवता येतात आणि मग ६२५ लिटर जागा होते. त्या सीट आमच्या बेडच्या मागे उभ्या असतात. सासूबाई आणि नणंद आल्या की परत बसवतो.

४. वीज

गाडीत बसून लॅपटॉपवर काम किंवा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करणं, एवढंच असेल तर साधं सॉकेट पुरे. त्यावर साधारण १२० वॉट मिळतात, हेअर ड्रायरला हजाराच्या वर लागतात. जास्त वीज हवी असेल तर बाहेरची उपकरणं चालवू देणारी इलेक्ट्रिक गाडी बघा. नेक्सॉन ईव्ही आणि क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये ही सोय आहे. आधी सोसायटीकडून चार्जिंग पॉइंटची परवानगी लेखी घ्या.

५. रूप

नवरीकडची माणसं गाडी बघतात, हे मी नाकारत नाही. पण त्यांना दिसतं ते गाडीचं नीटनेटकेपण. मेटॅलिक राखाडी किंवा चंदेरी रंगावर घोडबंदरची धूळ कमी उठून दिसते. आतून बेज रंग घेऊ नका, फाउंडेशनचा डाग निघत नाही. मोठ्या सनरूफमुळे उन्हात उभी गाडी जास्त तापते आणि लिपस्टिक वितळतात. तेच पैसे चांगल्या मागच्या कॅमेऱ्यावर घाला.

६. टेस्ट ड्राइव्ह सामानासकट

कापूरबावडी ते गायमुख एक फेरी.

७. कागद

खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने वापर आणि मालवाहतूक त्यात बसत नाही, नमुने आणि वैयक्तिक सामान तेवढं चालतं. तुमच्या कामाचं वर्णन कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर लेखीच मागा. गाडीतल्या सामानाचा विमा वेगळा काढा.

आणि "धंद्याच्या नावावर घे, जीएसटी परत मिळतो" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्यासारख्यांच्या प्रवासी गाडीवर तो मिळत नाही. कामाच्या वापराच्या प्रमाणात घसारा (गाडीची दरवर्षी घटणारी किंमत) आयकरात खर्च म्हणून दाखवता येतो, ते सीएला विचारा.

८. डिलिव्हरीचा दिवस

हार-पेढे नंतर. ट्रॉल्या घेऊनच जा आणि सही करण्याआधी भरून बघा. स्टेपनी, जॅक आणि पाना कुठे आहेत ते विचारा. डिकीच्या तळाखाली असतील तर पहाटे चारला पंक्चर झालं की सगळं सामान रस्त्यावर उतरवावं लागतं. पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप मी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवते.