टायरचा साइज बदलायचाय? आधी एबीएसचं गणित पाहा

टायर बदलताना बहुतेकांचं लक्ष गाडीच्या दिसण्याकडे आणि रस्त्यावरच्या पकडीकडे असतं. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी, म्हणजे ते फिरायचं थांबून घसरू न देणारी यंत्रणा) आठवतं ते डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटल्यावर. खरं तर साइज ठरवतानाच दहा मिनिटं हिशेबाला दिली तर पुढचा त्रास टळतो.

एबीएसला टायर दिसत नाही. चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते (काही गाड्यांत बेअरिंगमध्येच चुंबकीय कडं असतं) आणि तिच्याजवळ सेन्सर असतो. चकतीचे दात समोरून किती झपाट्याने सरकतात, एवढंच त्याला कळतं. एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हा आकडा कंपनीने मूळ टायर धरून कंट्रोल युनिटमध्ये भरलेला असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक प्रमाणाबाहेर मंदावलं की ते लॉक होतंय असं युनिट समजतं, त्याच्या ब्रेकचा दाब सोडतं आणि पुन्हा देतं. हे सेकंदाला अनेक वेळा चालतं. सगळी मदार तुलनेवर आहे. त्यामुळे माझ्या मते नवा टायर मूळ साइजशी तंतोतंत जुळण्यापेक्षा चारही टायर एकमेकांशी जुळणं जास्त महत्त्वाचं आहे.

पायरी १: मूळ साइज शोधा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल पाहा. सध्या बसवलेल्या टायरवरचा आकडा ग्राह्य धरू नका. आधीच्या मालकाने साइज बदललेला असू शकतो. कंपनीने पर्यायी साइज दिला असेल तर तोच निवडा, म्हणजे पुढचा बराचसा हिशेब करावाच लागत नाही.

पायरी २: बाहेरचा व्यास काढा

समजा टायर १८५/६५ आर १५ आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास.

भिंत: १८५ × ०.६५ = १२०.२५ मिमी. वर आणि खाली मिळून २४०.५ मिमी.
रिम: १५ × २५.४ = ३८१ मिमी.
एकूण व्यास: ६२१.५ मिमी.

आता पर्याय तपासू. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिमी येतो. रिम मोठं झालं, भिंत बुटकी झाली आणि फरक जवळजवळ शून्य राहिला. १९५/६५ आर १५ चा ६३४.५, म्हणजे सुमारे २ टक्के जास्त. २०५/६५ आर १५ चा मात्र ६४७.५ मिमी, ४.२ टक्के जास्त. दिसायला हे तिन्ही किरकोळ बदल वाटतात, एबीएसच्या लेखी ते सारखे नाहीत.

पायरी ३: फरक कितपत चालेल ते ठरवा

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात, पूर्ण झिजल्यावर १.६ मिमी उरतात. म्हणजे व्यास जवळपास १३ मिमीने कमी होतो. आपल्या उदाहरणात हा फरक २ टक्के आहे. टायर झिजणारच, हे सिस्टीम बनवणाऱ्यांना माहीत असतं, त्यामुळे एवढी सवलत त्यांना ठेवावीच लागते. मी २ टक्क्यांच्या आत राहायला सांगेन, ३ टक्क्यांच्या पुढे तर जाऊच नका.

चारही टायर सारखेच मोठे केले तर तुलना बिघडत नाही, पण इतर परिणाम होतात. स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. त्रिज्या ४ टक्के वाढली की पेडल तेवढंच दाबूनही रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर सुमारे ४ टक्के घटतो. मोठ्या टायरमुळे चाक जड झालं तर ते दाब सोडल्यावर पुन्हा वेग घ्यायलाही जास्त वेळ लावतं, आणि एबीएसचं सोड-धर वेळापत्रक मूळ वजनाच्या चाकांवर बेतलेलं असतं.

पायरी ४: चारही जुळवा

सर्वात जास्त घोळ इथेच होतो. पुढे ६२१.५ आणि मागे ६४७.५ मिमीचे टायर लावले, तर गाडी १०० च्या वेगात असताना मागची चाकं ९६ ने फिरतायत असं युनिटला वाटतं. ब्रेक दाबण्याआधीच ती घसरल्यासारखी दिसतात. मग मागचा दाब गरजेपेक्षा लवकर सुटू शकतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. एकाच बाजूचा टायर वेगळा असेल तर गाडी वळतेय असं चाकांवरून वाटतं, पण स्टीअरिंगचा सेन्सर सरळ असल्याचं सांगतो. अशा विसंगतीमुळे एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागल्यास तिला सावरणारी यंत्रणा) दोन्ही बंद पडू शकतात.

काही गाड्यांना कंपनीच पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर देते. तिथे सॉफ्टवेअर त्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे ती जोडी मोडू नका. छोटी स्टेपनी लावली असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा आणि पंक्चर काढून मूळ चाक लगेच परत बसवा.

पायरी ५: बसवताना

टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि वेगाचं अक्षर (किती वेगापर्यंत तो चालतो ते) मूळ टायरपेक्षा कमी नको. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहा, विशेषतः सेन्सरच्या वायरला. हवेच्या दाबाचा इशारा देणारी सिस्टीम चाकाच्या वेगावरून चालत असेल तर ती रीसेट करा. काही गाड्यांत टायरचा नवा घेर स्कॅनरने युनिटमध्ये भरता येतो, सर्व्हिस सेंटरला तसं विचारा.

पायरी ६: तपासा

इग्निशन सुरू केल्यावर एबीएसचा दिवा काही क्षण पेटून विझायला हवा. मग मोकळ्या, निर्मनुष्य जागी, मागे कुणी नसताना, ताशी ३० ते ४० किमी वेगात ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस सुरू झालं की पेडल पायाखाली थरथरतं आणि स्टीअरिंग तुमचं ऐकतं. कोरड्या, चांगल्या पकडीच्या रस्त्यावर थरथर जाणवली नाही तर वेग वाढवून बघत बसू नका. हलकाच ब्रेक मारतानाही थरथर जाणवली, किंवा थोडं चालवल्यावर दिवा पुन्हा पेटला, तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून युनिटने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या. दिवा पेटलेला असताना साधे ब्रेक सहसा लागतात, पण चाक लॉक होण्यापासून संरक्षण मिळत नाही. वायर आणि सेन्सर ठीक असूनही तोच कोड परत येत असेल, तर टायर मूळ साइजवर आणा.