घडीच्या टेबलाचे पाय आपोआप मिटू नयेत म्हणून

माझं शिलाई मशीन मी स्वतः केलेल्या घडीच्या टेबलावर चालतं. वर १८ मिमी प्लायची १२० सेंमी लांब फळी, खाली बिजागऱ्यांवर आत मिटणाऱ्या पायांच्या दोन जोड्या. पहिल्या खेपेला पाय धरून ठेवायला नुसत्या कड्या लावल्या होत्या. एकदा मशीनसकट टेबल उजेडाकडे ओढलं आणि एका बाजूचे पाय आत गेले. मशीन मांडीवर झेललं. तेव्हापासून कडीच्या भरवशावर मी वजन ठेवत नाही. भार आला की पाय उलट घट्ट बसले पाहिजेत.

त्यासाठी पाय काटकोनात उभे न करता बाहेरच्या बाजूला ५ अंश कलू द्या. ७२ सेंमीच्या पायाचं टोक साधारण ६ सेंमी बाहेर जातं. तिथे तो अडावा म्हणून टेबलाच्या टोकाशी ८ सेंमी रुंदीची पट्टी उभी बसवा. पाय तिच्या खालच्या कडेला टेकला पाहिजे. ही पट्टी अरुंद असेल तर बिजागरीच्या स्क्रूंवर जास्त जोर येतो आणि ते उपटतात. पायांचे तळही तेवढेच तिरके कापा. वरच्या प्लायमध्ये १५ मिमीपेक्षा जास्त स्क्रू शिरू देऊ नका, टोक वर येतं. एक जोडी थोडी अरुंद करा, म्हणजे मिटताना ती दुसरीच्या आत बसते. जोडीतले दोन्ही पाय आडव्या पट्टीने बांधायला विसरू नका.

वरून आलेला भार एवढ्यावर पेलतो. पण टेबल ओढलं की पाय आत वळू पाहतो, तिथे तिरका आधार हवा. मी २५ बाय ३ मिमीच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे मधे बोल्टने जोडले. एक टोक फळीखाली, दुसरं पायावर, वरून साधारण ३० सेंमीवर. खरी गंमत मधल्या सांध्यात आहे. पट्टी सरळ झाल्यावर सांधा अजून ४ मिमी खाली जातो आणि एका तुकड्याला जोडलेल्या लोखंडी आडीवर टेकून थांबतो. आता पाय आत ढकलला तर सांधा खालीच दाबला जातो, म्हणजे आडीवर आणखी घट्ट बसतो. मिटायचं तेव्हा बोटाने सांधा वर उचलायचा. आडी मात्र मजबूत हवी, सांधा तिच्यावरच थांबतो. बोट दोन पट्ट्यांमध्ये सापडू देऊ नका, मुलांना तर हे काम देऊच नका.

भोकं बोल्टाच्या मापाचीच पाडा. ८ मिमीच्या बोल्टाला १० मिमीचं भोक म्हणजे टेबल डुलणार. मशीनच्या थरथरीने साधे नट सैल होतात, म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले नट वापरा, लाकूड आणि नटामध्ये वॉशर घाला. कडी मी अजूनही लावते, पण आधार जागचा हलू नये एवढ्यापुरती.

मशीन ठेवण्याआधी वाळूची पिशवी एका कोपऱ्यावर ठेवा आणि टेबल चारही बाजूंनी ढकलून बघा. कुठे कुरकुर आली तर आधी तिथला बोल्ट बघा.