तळ्याकाठच्या गावाने तळे कसे सांभाळावे

गोव्यातील बरीचशी तळी आपल्या पूर्वजांनी बांध घालून आणि मानस (पाणी अडवण्या-सोडण्याचे दार) बसवून घडवलेली आहेत. पावसाचे पाणी अडवावे, पावसाळा सरल्यावर ते खालच्या शेतांना वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी, द्यावे, उरलेल्या पाण्यात मासळी वाढू द्यावी आणि काठावरच्या विहिरींना पाझर राहावा, असा त्यामागचा विचार होता. कुडचडे येथील सुमारे ४२ हेक्टरांच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीत, स्थान मिळाले. या यादीत आलेले ते गोव्यातील पहिले पाणथळ क्षेत्र. त्यामुळे साठवण, शेती आणि मासेमारी यांची ही जुनी सांगड आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरली. करमळी, मये, कुडतरी अशा तळ्यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या गावातही स्वयंसेवेने काही करावे अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. परंतु सुरुवात कुठून करावी हे न कळल्याने ती इच्छा एखाद्या रविवारच्या सफाईवर आणि एका छायाचित्रावर येऊन थांबते. पुढील मार्गदर्शन अशा गावांसाठी आणि छोट्या शहरांसाठी आहे. त्यामागची माझी धारणा अशी की तळ्याचे बहुतेक काम तळ्यापासून दूर, घरात आणि गटारात करायचे असते, आणि जे तळ्यात करायचे ते पाण्याच्या व शेतीच्या वेळापत्रकाला धरूनच करायचे असते.

आधी विचारा, मग हात लावा

गट जमवण्यापूर्वी मानस सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. तो कधी कूळ शेतकरी असतो, कधी मासेमारीचा लिलाव घेतलेला गावकरी, तर कधी शेतकऱ्यांच्या संघाने नेमलेला कोणी. त्याच्याजवळ बसून, "काका, मानस कधी बंद करता, पाणी कधी सोडता, मासळी कधी काढता?" एवढे तीन प्रश्न विचारले तरी वर्षभराच्या कामाचा आराखडा निम्मा तयार होतो. पाणी कोणत्या महिन्यात किती असते, बांध कुठे झिरपतो, काठावरची कोणती झुडपे मुद्दाम राखलेली आहेत, या गोष्टी कोणत्याही नकाशात सापडत नाहीत. शेतकऱ्यांना न विचारता केलेले काम, हेतू कितीही चांगला असला तरी, गावात दुफळी निर्माण करते आणि पुढच्या वर्षी कोणीही सोबत येत नाही.

त्याच वेळी जमीन कोणाची आहे हेही तपासावे. तळे कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) असू शकते, बांधाची देखभाल जलस्रोत खात्याकडे असू शकते आणि काठावरची वाट खासगी भाटातून (बागायतीतून) जाणारी असू शकते. पंचायत क्षेत्रात ग्रामसभेत ठराव घ्यावा. नगरपालिका असेल तर प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी निवेदन द्यावे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्याकडे असलेली लोक जैवविविधता नोंदवही मागून पाहावी, आणि तिच्यात आपल्या तळ्याचे पान कोरे असेल तर ते भरून देण्याचे काम गटाने आनंदाने अंगावर घ्यावे.

कायद्याची एक बाजू विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाणथळ क्षेत्रांविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार अधिसूचित क्षेत्रात भराव घालणे, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. मात्र सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय याच नियमांनी पाणथळ क्षेत्राच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. गोव्यातील कित्येक तळी नेमकी शेतीसाठीच बांधलेली असल्याने, आपले तळे अधिसूचित आहे की नाही, याची चौकशी राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे लेखी स्वरूपात करून ते उत्तर जपून ठेवावे.

मृगाच्या आधीचे गटारकाम

वर्षातील सर्वांत मोलाचे काम मे महिन्यात करायचे असते, आणि ते तळ्याच्या काठावर नसते. पहिल्या दमदार पावसात गावभरची गटारे वाहू लागतात आणि आठ महिन्यांत साठलेले सारे काही काही तासांत तळ्यात येऊन पडते. म्हणून प्रथम एक हाताने काढलेला नकाशा करावा. बाजारापासून तळ्यापर्यंत गटार कसे जाते, त्याला कोणते ओहोळ मिळतात, कोणत्या घराची किंवा खानावळीची नळी त्यात सोडलेली आहे, कोणत्या वळणावर कचरा अडतो, हे सगळे दोन-तीन जणांनी पायी फिरून टिपावे. हा नकाशा तयार झाला की सफाईची जागा आपोआप ठरते, कारण कचरा नेहमी त्याच चार-सहा ठिकाणी साठतो.

जे निघेल ते तिथेच चादरीवर ओतून वेगळे करावे आणि प्रकारानुसार मोजावे: दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, दारूच्या काचेच्या बाटल्या, थर्माकोल, लहान मुलांचे डायपर. ही मोजणी कंटाळवाणी वाटते खरी, परंतु तिचा उपयोग मोठा आहे. काचेच्या बाटल्या अधिक निघत असतील तर प्रश्न काठावर येऊन बसणाऱ्यांचा आहे. पातळ पिशव्या अधिक असतील तर तो बाजाराचा आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्या चालत नाहीत. त्यामुळे आपल्या गटारातील मोजणीचा कागद घेऊन नगरपालिकेकडे गेल्यास चर्चेला ठोस आधार मिळतो. वेगळा केलेला सुका कचरा पंचायतीच्या शेडमध्ये किंवा भंगारवाल्याकडे कोण पोहोचवणार आणि कोणत्या दिवशी, हे सफाईच्या आधी ठरलेले असावे. तळ्याकाठी भरून ठेवलेल्या गोण्या भटकी कुत्री फाडतात आणि सारा कचरा पुन्हा पाण्यात जातो.

पाऊस सुरू झाल्यावर साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या छोट्याशा जखमेतूनही शरीरात शिरतो; म्हणून गमबूट आणि हातमोजे अनिवार्य मानावेत व काम सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे. त्या बाजूच्या तळ्यांवर काम करणाऱ्यांनी स्थानिक मासेमारांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

जलपर्णी काढताना

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांसाठी लोकांनी ती जगभर नेली, आणि अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिला वाढवतो तो सांडपाण्यातून येणारा नत्र आणि स्फुरद, त्यामुळे केवळ उपसून ती कधीच संपत नाही. तरीही उपसणे आवश्यक आहे, कारण तिच्या दाट थराखाली उजेड व प्राणवायू पोहोचत नाही आणि मासळी गुदमरते.

वेळ निवडताना पक्ष्यांचा विचार करावा. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पावसाळ्यात तरंगत्या व काठावरच्या वनस्पतींत घरटी करतात. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात घरट्यांच्या पट्ट्याला हात लावू नये. पाणी उतरलेले असते ते एप्रिल-मे महिने सोयीचे. फुले येण्याआधीचा पट्टा प्रथम घ्यावा, कारण बी तळाच्या गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. साळके आणि कमळे ही आपली जुनी वनस्पती आहेत, ती ठेवावीत. नवशिक्या स्वयंसेवकाला काम देण्यापूर्वी दोन्हींची पाने हातात देऊन ओळख करून द्यावी: जलपर्णीच्या देठाला फुगीर, स्पंजासारखी गाठ असते आणि साळक्याचे पान पाण्यावर सपाट पसरलेले असते.

प्रत्यक्ष काम असे करावे. होडीतील दोघांनी लांब दांड्याच्या दंताळ्याने थराचा एक तुकडा सोडवावा, त्याला जाड दोरी गुंडाळून काठावरच्यांनी ओढावे. काठाला आल्यावर एकेक रोप उभे धरून मुळे पाण्यातच दोन-तीनदा हलकेच झाडावीत. मुळांच्या काळ्या झुपक्यात अडकलेली माशांची पिल्ले, झिंगे आणि गोगलगायी परत पाण्यात पडतात. मग ढीग उताराच्या विरुद्ध बाजूला, बांधापासून दूर करावा, म्हणजे पावसात बी आणि तुकडे परत तळ्यात वाहून येणार नाहीत. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. चार दिवस उन्हात पडू दिल्यास ढिगाचे वजन फार कमी होते आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. नंतर शेण आणि सुका पाला यांच्या थरांत घालून तिचे खत करता येते. खाणपट्ट्यातले किंवा कारखान्याचे पाणी येणाऱ्या तळ्यातील जलपर्णी जड धातू शोषून घेते. ते खत भाजीला घालू नये, फुलझाडांना चालेल.

बांधावर झाडे लावण्याचा मोह अनेक गटांना होतो. मातीच्या बांधाच्या माथ्यावर मोठी झाडे लावू नयेत, कारण त्यांची मुळे कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपू लागते. वृक्षारोपण करायचेच असेल तर तळ्याच्या वरच्या अंगाला, पाणलोटात करावे आणि करंज, जांभूळ, उंडी यांसारखी इथलीच झाडे निवडावीत. ओलसर काठावर केवडा माती चांगली धरतो.

घरातले चार बदल

तळ्याकाठच्या घराची पहिली जबाबदारी संडासाच्या टाकीची आहे. जुन्या घरांत टाकीचे वरचे पाणी सरळ गटारात सोडलेले असते, आणि आपल्या जांभ्या दगडाच्या भूमीत ते शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंतही लवकर पोहोचते. शोषखड्डा आहे का, तो विहिरीपासून पुरेसा लांब आहे का, हे पाहावे. टाकी उपसायला टँकर बोलावला तर मैला कोणत्या प्रक्रिया प्रकल्पात नेला, याची पावती मागावी. रात्री ओहोळात रिकामा केलेला एक टँकर आपल्या गटाचे वर्षभराचे श्रम फुकट घालवू शकतो.

मोरीचे पाणी माडाच्या आणि केळीच्या आळ्यात सोडण्याची आपली जुनी पद्धत आजही उत्तम आहे; फक्त साबण बेताने वापरावा.

ओल्या कचऱ्यात गोमंतकीय घराचा खरा प्रश्न मासळीचा असतो. वास आणि मांजरे यांच्या भीतीने लोक बांगड्याची आतडी व कोळंबीची टरफले पिशवीत बांधून फेकतात. त्याऐवजी माडाच्या बुंध्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर दीड फूट खोल खड्डा करावा, तळाला सुका पाला घालावा, मासळीचा कचरा टाकून वर चुलीची राख किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि माती दाबून एखादा चिरा ठेवावा. पुढच्या वेळी खड्डा बुंध्याभोवती थोडा पुढे सरकवावा. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांच्या मासळीच्या शिंपा ठेचून त्याच मातीत मिसळाव्यात. आपली जांभी माती आम्लधर्मी असल्याने शिंपांतील चुना तिला उपकारक ठरतो. पालापाचोळा जाळू नये. खतासाठी एक भाग ओल्या कचऱ्याला दोन-तीन भाग सुका पाला लागतो, आणि ऑगस्टमध्ये सुका पाला मिळत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तो गोण्यांत भरून पडवीत ठेवावा.

लग्ने, जत्रा आणि महाप्रसाद यांसाठी गावात स्टीलच्या ताट-वाट्यांचा सार्वजनिक संच करावा व तो स्वयंसाहाय्य गटाकडे सोपवावा. धुण्याची मजुरी यजमानाने द्यावी. देवळांतून चालत आलेल्या पत्रावळी आणि द्रोण यांना तर नव्याने शोधायलाही नको.

चवथ आणि विसर्जन

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत तळ्यावर सर्वाधिक भार येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. चिकणमातीची, साध्या रंगांची मूर्ती आपल्या गावच्या चित्रशाळेतून आषाढातच सांगून ठेवावी, म्हणजे कलाकारालाही वेळ मिळतो. विसर्जनाच्या जागी निर्माल्यासाठी वेगळी टोपली आणि माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीसाठी) वेगळी जागा ठेवावी. माटोळीला बांधलेली फळे, सुपाऱ्या, नारळ आणि रानातील फांद्या पाण्यात सोडण्याऐवजी खाण्याजोगे वाटून घ्यावे आणि उरलेले खतात घालावे. माटोळीसाठी रानातून आणताना पूर्ण वेल ओरबाडू नये. एका वेलीचे एक-दोन घोस पुरतात. या विषयावर गावातील ज्येष्ठ स्त्रियांनी बोलावे असे मला वाटते, कारण कोणती वनस्पती रानात दुर्मीळ होत चालली आहे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि श्रद्धेच्या बाबतीत त्यांचा शब्द घराघरांत मानला जातो.

नोंदी ठेवणे

तळ्याची प्रकृती सुधारते आहे का, हे नोंदींवाचून कळत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घेऊन तिचे चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवावेत, खुणांची दोरी बांधावी आणि महिन्यातून एकदा, त्याच जागी व त्याच वेळी, होडीतून ती पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याची पारदर्शकता. सोबत मानशीजवळच्या पाण्याची पातळी, वास, रंग आणि जलपर्णीने व्यापलेला अंदाजे भाग लिहावा.

हिवाळ्यात पक्षी मोजावेत. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते आणि तिच्यात सामान्य नागरिकांना भाग घेता येतो. सकाळी लवकर, सूर्य पाठीशी घेऊन, बांधावरील ठरलेल्या जागेवरून मोजावे. अडई, तलवार बदक, भुवई बदक यांचे थवे दहा-दहाच्या गटांत मोजण्याचा सराव आधी करावा. ओळख पटली नाही तर "अनोळखी बदक" असेच लिहावे. अंदाजाने घातलेले नाव पुढे अनेकांची दिशाभूल करते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन असल्याने, जानेवारीची ही आकडेवारी त्या दिवशी शाळेत किंवा ग्रामसभेत मांडणे सोयीचे पडते.

नोंदवही एकाच्या घरी कुलपात राहू नये. तिची एक प्रत वाचनालयात, एक पंचायतीत आणि एक मानस सांभाळणाऱ्या काकांकडे द्यावी, आणि दर वर्षी मानस बंद करण्याच्या सुमारास सर्वांनी बसून ती वाचावी, म्हणजे पुढील मे महिन्याच्या गटारकामाची जागा आणि माणसे त्याच बैठकीत ठरतील.