परदेशात मित्रांकडे स्लोव्हाक जेवण रांधताय? या चुका टाळा

स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरातल्या घरी दर रविवारी बिनचूक जमणाऱ्या हालुश्की, म्हणजे किसलेला बटाटा आणि पीठ यांचे उकळत्या पाण्यात शिजवलेले छोटे गोळे, लंडनला मित्राच्या ओट्यावर मात्र पातेल्यात विरघळतात आणि पाण्याची खळ होते. कृती तीच, हातही तोच. बदललेला असतो बटाटा, पीठ, चीज आणि कोबी. स्लोव्हाक स्वयंपाक मोजक्या जिनसांवर चालतो. मसाल्याने झाकून न्यावे असे त्यात फारसे काही नसते, म्हणून एक जिन्नस चुकला की सगळे ताट चुकते. स्लोव्हाकियाबाहेर राहणारी स्लोव्हाक कुटुंबे हे जाणून असतात. 2018 साली नित्रात जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना सुरू झाला. त्याच्या निमित्ताने किंवा दुसऱ्या कामाने तिकडे राहिलेल्या, तिथली चव लागलेल्या आणि आता ती मित्रांना खिलवू पाहणाऱ्या मराठी घरांनाही पुढचा तपशील उपयोगी पडेल.

बॅग भरतानाच होणारी चूक

ब्रिंड्झा म्हणजे मेंढीच्या दुधाचे मऊ, खारट-आंबट चीज. त्याचा डबा, धुरावलेली स्लानिना (डुकराची चरबीदार पट्टी) आणि क्लोबासा हे सॉसेज बॅगेत घालून लोक सरळ विमानतळ गाठतात. ब्रिटनला जात असाल तर हे आता चालत नाही. मार्च 2025 मध्ये स्लोव्हाकियात जनावरांना लाळ्या-खुरकूत रोगाची लागण झाली. त्यानंतर 12 एप्रिल 2025 पासून युरोपीय संघातून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाय, मेंढी, शेळी व डुकराचे मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेले असो की विमानतळावर घेतलेले, नियम सारखाच. माल जप्त होतो आणि गंभीर प्रकरणी 5,000 पौंडांपर्यंत दंड आहे. नियम पुढेमागे बदलू शकतो, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ एकदा पाहून घ्या. व्हिएन्ना, प्राग किंवा डब्लिनला जाताना ही अडचण सहसा नसते, कारण तो प्रवास युरोपीय संघाच्या आतलाच असतो.

दुसरा धोका खसखशीचा. बरेच स्लोव्हाक गोड पदार्थ निळसर खसखशीवाचून होत नाहीत. पण आखाती देशांतल्या मित्रांकडे जाताना तिची पुडी चुकूनही घेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकते. अनारशांच्या खसखशीमुळे ही गोष्ट बऱ्याच मराठी घरांना ठाऊक असते, पण केकवर भुरभुरलेली खसखस नजरेतून सुटते.

निर्धास्त नेता येतात ते ओब्लात्की, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री मध लावून खातात ते पातळ पापडासारखे वेफर, गोड लाल पापरिकाची पुडी आणि हालुश्कार. हालुश्कार म्हणजे हालुश्की पाडायची भोकांची चाळण. ती मित्राकडे असण्याचा संभव जवळजवळ नाही.

हालुश्की विरघळतात, नाहीतर रबरासारख्या होतात

चार जणांसाठी 1 किलो बटाटे, साधारण 300 ग्रॅम पीठ, 1 अंडे, 1 लहान चमचा मीठ, 250 ग्रॅम ब्रिंड्झा आणि 150 ग्रॅम स्लानिना. बटाटा कच्चाच, बारीक किसणीवर किसायचा. उकडलेला घेतलात तर तो वेगळा पदार्थ.

पहिली चूक बटाट्याची. नवा, पातळ सालीचा बटाटा पाणी फार सोडतो आणि त्यात पिठूळपणा कमी असतो. स्लोव्हाकियात बटाट्याच्या पिशवीवर ए, बी, सी असा शिजण्याचा प्रकार लिहिलेला असतो. ए सॅलडसाठी, बी सर्वसाधारण, सी पिठूळ. हालुश्कींसाठी बी किंवा सी, तोही जुना. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या, अमेरिकेत रसेट. घरात पाणचट बटाटाच असेल तर कीस पाच मिनिटे गाळणीत ठेवा आणि खाली भांडे धरा. भांड्यातले पाणी हलवू नका. थोड्या वेळाने वरचे पाणी अलगद ओतून दिले की तळाशी पांढरा साका दिसेल. तो परत किसात मिसळा. बांधून धरणारा स्टार्च हाच, आणि घाईत नेमका तोच पाण्याबरोबर मोरीत जातो.

दुसरी चूक पिठाची. स्लोव्हाक दुकानात पिठाचे दळण तीन प्रकारचे मिळते: ह्लाद्का म्हणजे मऊ, पोलोह्रुबा म्हणजे निमजाडे, ह्रुबा म्हणजे जाडे. हालुश्कींना पोलोह्रुबा लागते. बाहेरच्या देशात हाताशी असतो तो मैदा. नुसत्या मैद्याने हालुश्की चिकट आणि दाताला रबरासारख्या लागतात. दोन वाट्या मैद्याला एक वाटी बारीक रवा घातला तर मूळच्या बऱ्याच जवळ जाता येते. मात्र रवा पाणी ओढायला वेळ घेतो, म्हणून मिश्रण दहा मिनिटे ठेवून मगच त्याचा घट्टपणा ठरवा. चमचा उचलून तिरपा केला की पीठ सलग धार न धरता जड गोळ्याने, सावकाश खाली यायला हवे. या दहा मिनिटांत रंग जरा काळपटतो. तो हवेने येतो, चवीला धक्का लागत नाही. अंडे, मैदा आणि रवा आधी एकत्र करून ठेवून बटाटा शेवटी किसला तर रंगही बराच टिकतो.

सगळे पीठ एकदम पाण्यात सोडू नका. आधी तीन-चार हालुश्कींची परीक्षा घ्या. विरघळल्या तर दोन मोठे चमचे पीठ वाढवा, कडक झाल्या तर चमचाभर पाणी. ही दोन मिनिटांची खबरदारी चुकवली की किलोभर बटाटा वाया जातो.

हालुश्कार उकळत्या पातेल्यावर ठेवून त्यात डावभर पीठ घालतात आणि पलित्याने पुढेमागे घासतात. इथली नेहमीची तक्रार म्हणजे भोके बुजणे. कारण साधे आहे: खालून येणाऱ्या वाफेने भोकातले पीठ तिथल्या तिथे शिजते. म्हणून एका वेळी एकच डाव पीठ घ्या, हात झपाझप चालवा आणि प्रत्येक खेपेनंतर चाळण पातेल्यावरून बाजूला काढा. बुजलीच तर गार पाण्याखाली धरा. गरम पाण्याने पीठ आणखी घट्ट बसते. चाळण नसेल तर 6 ते 8 मिलिमीटर भोकांची मोठी गाळणी चालते. तीही नसेल तर ओला पाट आणि सुरी: पाटावर पीठ पसरून सुरीने बोटाच्या पेराएवढे तुकडे थेट पाण्यात खरवडायचे. जुन्या घरांत असेच करत आले आहेत, आणि तुकडे ओबडधोबड झाले तर त्यांना चीज जास्त धरते.

पातेले रुंद हवे. हालुश्की वर तरंगल्या की एक-दोन मिनिटे थांबून झाऱ्याने काढा. गार पाण्याने धुऊ नका, नाहीतर चीज त्यांना चिकटणारच नाही. पाण्यात मीठही बेताचेच, कारण ब्रिंड्झा स्वतः खारट असते.

आठ पाहुणे असतील तर पीठ एकदम दुप्पट करू नका. मिठामुळे किसलेला बटाटा सतत पाणी सोडतो आणि दुसऱ्या खेपेपर्यंत पीठ सैल पडते. दोनदा किसा.

ब्रिंड्झा गॅसवर चढवू नका

ब्रिंड्झा शिजवली की ती फुटते, कण आणि पाणी वेगळे होते. गरम, निथळलेल्या हालुश्की परातीत घ्या, गॅसपासून दूर, आणि त्यांच्याच उकळत्या पाण्याचे दोन-तीन मोठे चमचे ब्रिंड्झात घालून ती सैल करून मिसळा. तेवढी ऊब पुरते.

2008 पासून ‘स्लोव्हेन्स्का ब्रिंड्झा’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा मेंढीच्या चीजचा असावा लागतो. ब्रिटनमध्ये ती आणता येत नसली तरी पोलिश दुकानांत ब्रिंड्झा शोधून पाहा. न मिळाल्यास 200 ग्रॅम फेटा, 100 ग्रॅम साधे क्रीम चीज आणि तीन मोठे चमचे आंबट साय (सावर क्रीम) एकत्र फेटून घ्या. फेटा फार खारट असेल तर आधी अर्धा तास पाण्यात ठेवा. हे मिश्रण ब्रिंड्झा नव्हे, आणि पाहुण्यांना तसे सांगूनच वाढावे. पनीर मात्र घेऊ नका. त्यात आंबटपणाही नाही आणि विरघळण्याचा गुणही नाही.

कच्च्या दुधाची आणि पाश्चराइज्ड दुधाची, अशी दोन्ही प्रकारची ब्रिंड्झा बाजारात असते. गर्भवती पाहुणी असेल तर लेबल वाचून पाश्चराइज्डच आणा.

स्लानिना तापलेल्या तव्यावर टाकणे हीदेखील चूकच. बाहेरून करपते आणि चरबी आत राहते. सेंटिमीटरभर तुकडे थंड पॅनमध्ये घालून मंद आचेवर ठेवा. पंधरा मिनिटांत ते सोनेरी होतात आणि पॅनमध्ये सुटलेली चरबी हालुश्कींवर चमच्याने घालता येते. लहान फ्लॅटमध्ये आधी खिडकी उघडा, धुराचा अलार्म वाजायला वेळ लागत नाही.

शाकाहारी मित्राला शेवटच्या क्षणी विचारणे

स्लोव्हाक यजमानाला स्लानिना म्हणजे वरची सजावट वाटते, त्यामुळे ‘बटाट्याचा पदार्थ आहे’ एवढे सांगून तो मोकळा होतो. डुक्कर न खाणाऱ्या घरी हे फार वाईट होते. पॅन आणि झाऱ्यासकट सगळे वेगळे ठेवा, आणि त्यांच्यासाठी लोण्यात तांबूस परतलेला कांदा करा. अंडे चालत नसेल तर ते वगळून पीठ चमचा-दोन चमचे वाढवले तरी हालुश्की टिकतात. एक बारकावा कडक शाकाहारी लोकांना आधीच सांगायला हवा: पारंपरिक ब्रिंड्झाच्या दुधाला वासराच्या पोटातल्या रेनेटचे विरजण असते. ते चालत नसेल तर हालुश्कींचा हट्ट सोडा आणि आंबवलेल्या कोबीचे सूप करा.

कापुस्त्नित्सा: बटाटा दगडासारखा राहतो

कापुस्त्नित्सा म्हणजे हेच सूप. नाताळला घरोघरी होते. क्लोबासा घालून करतात, पण 24 डिसेंबरच्या उपवासामुळे अनेक कॅथलिक घरांत मांसाशिवाय, सुक्या मशरूमचे करण्याची रीत आहे. म्हणजे शाकाहारी रूप कुठून जुळवून आणावे लागत नाही, ते मूळचेच आहे.

सहा जणांना 700 ग्रॅम आंबवलेला कोबी लागतो. बरणीचे लेबल वाचा. घटकांत कोबी, मीठ आणि फार तर रास्त्सा, म्हणजे कॅरवे, असावी. व्हिनेगर दिसले की बरणी परत ठेवा, तो आंबटपणा कितीही उकळले तरी टोचतच राहतो. कोबी धुऊ नका. पिळून रस वाटीत काढा, सूप झाल्यावर चव बघत तो हवा तितका घाला. सगळा रस आधीच घातला आणि सूप फार आंबट झाले, तर पाणी वाढवण्यापेक्षा चार सुकी आलुबुखार घालून दहा मिनिटे उकळा. त्यांची गोडी तशीही या सुपात हवीच असते.

बटाटा कोबीबरोबर टाकू नका. चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही, तसाच आंबट पाण्यात बटाटा तासभर उकळूनही कडक राहतो. वेगळा उकडून शेवटी घाला. सुकी मशरूम अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. ते पाणी कापडातून गाळून सुपात घ्या, त्यात चव असते आणि तळाला बारीक रेतीही.

पापरिका तेलात पडली की पाच-सहा सेकंदांत करपते आणि कडू होते, कारण तिच्यात साखर असते. कांदा परतून झाला की पातेले गॅसवरून उतरवा, पापरिका घाला, एकदा हलवा आणि लगेच पाणी ओता. तिखट मिरचीपूड ही पापरिकाची जागा घेत नाही, तसेच रास्त्साची जागा जिरे घेत नाही. रास्त्सा दिसते जिऱ्यासारखी, पण जिरे घातले तर सुपाला आपल्या फोडणीचा वास येतो. रास्त्सा नसेल तर काहीच घालू नका.

आंबट साय थेट उकळत्या सुपात ओतली तर फाटते. वाटीत सायीत दोन डाव गरम सूप कालवून मग घाला. हे सूप आदल्या दिवशी करून नेलेले चांगले, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. डबा घट्ट झाकणाचा घ्या, आंबलेल्या कोबीचा वास गाडीत राहतो.

लोक्षे आणि मळण्याची सवय

लोक्षे बटाट्याची पातळ पोळी असते, आणि पोळ्या उत्तम येणाऱ्या हातानेच ती हमखास बिघडते. आपण कणीक भरपूर मळून मुरत ठेवतो. इथे ते दोन्ही घातक. मळले की पोळी चिवट होते, ठेवले की मीठ बटाट्यातून पाणी काढते, मग आणखी पीठ, मग आणखी कडकपणा. 500 ग्रॅम बटाटे आदल्या दिवशी सालीसकट उकडून पूर्ण गार करा, किसा, 150 ग्रॅम मैदा आणि मीठ घालून जेमतेम गोळा होईल इतकेच एकत्र करा आणि लगेच लाटा. गरम बटाट्याला हात लावू नका, तो पीठ पीत सुटतो.

तवा कोरडा, तेल नाही. दर दोन पोळ्यांमागे तव्यावरचे जळलेले पीठ कापडाने पुसा, नाहीतर पुढच्या पोळीला काळे ठिपके आणि कडवटपणा येतो. उतरवताक्षणी हंसाची चरबी किंवा लोणी लावून एकावर एक रचा आणि वरून जाड फडके घाला. वाफेने त्या मऊ पडतात. उघड्या ठेवल्या तर दहा मिनिटांत मोडतात.

आत खसखस आणि पिठीसाखर घालून गुंडाळी करायची असेल तर खसखस दळलेलीच हवी. अख्खी घातली की नुसती दातात येते. दळलेली लवकर खवट होते, म्हणून आदल्या आठवड्यात दळून नेऊ नका. मित्राकडे कॉफीचा ग्राइंडर असला तर तो चालेल, फक्त थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवली तर तेल सुटून तिचा लगदा होतो. आपली पांढरी खसखस घातली तर पदार्थ खाण्यासारखा होतो, पण निळ्या खसखशीचा गडद, किंचित कडसर स्वाद त्यात येत नाही.

लोक्षे सकाळी करून नेता येतात आणि तव्यावर पुन्हा गरमही होतात. हालुश्की मात्र डब्यात नेऊच नका, तासाभरात त्यांचा एक गोळा होतो. पाणी उकळायला ठेवा, पाहुण्यांना टेबलावर बसवा, आणि मगच बटाटा किसायला घ्या.