महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज: दाखल्यांपासून बँक खात्यापर्यंत

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या पार पडतात आणि त्यानंतर शिष्यवृत्तीची आठवण होते, असा बहुतेक घरांतला क्रम असतो. तो बदलायला हवा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरण्याचे काम एका बैठकीत उरकता येते. पण त्याला जोडायच्या दाखल्यांपैकी काही मिळायला महिने लागू शकतात. दाखला हाती नसताना भरलेला अर्ज पुढच्या टेबलावर अडतो, आणि तो अडल्याचे विद्यार्थ्याला अनेकदा मुदत संपल्यावर कळते.

सुरुवात योजना ओळखण्यापासून करावी. पोर्टल एकच असले तरी त्यावर अनेक विभागांच्या योजना आहेत आणि प्रत्येकीची उत्पन्नमर्यादा निराळी आहे. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर निर्वाह भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘फ्रीशिप’ची, स्वतंत्र योजना आहे, उत्पन्न जास्त म्हणून अर्जच न करणे ही त्यामुळे फुकटची हानी ठरते. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तिची मर्यादा आठ लाख रुपये आहे. या योजनेत शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती होते आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. महाविद्यालय निवडतानाच हा मुद्दा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण एका फेरीत मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून घाईने घेतलेला कोट्यातला प्रवेश पुढची सगळी वर्षे महाग पडतो.

राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शुल्काची सवलत घेतली म्हणजे निर्वाह भत्त्याचा हक्क संपतो, असे समजून पुष्कळ जण थांबतात. प्रत्यक्षात शाहू महाराज योजनेतून शुल्क आणि पंजाबराव देशमुख योजनेतून निर्वाह भत्ता असे दोन्ही घेता येतात. मात्र एकाच खर्चासाठी दोन योजनांचा लाभ मिळत नाही.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. हा दाखला साधारणपणे त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच ग्राह्य धरला जातो. फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये कामाला येत नाही, म्हणून तो एप्रिलनंतर, निकालाची वाट न पाहता काढावा. निकालानंतर सेवा केंद्रांवर उसळणाऱ्या गर्दीतून तेवढीच सुटका होते. आई-वडील दोघेही कमावते असतील तर दोघांचे उत्पन्न मोजले जाते. इतर मागास प्रवर्गासाठी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब प्रवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला लागतो आणि त्याचीही मुदत असते. सर्वांत जास्त वेळ लागतो तो जात वैधता प्रमाणपत्राला, म्हणजे जातीचा दाखला पडताळून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला. पडताळणी समितीकडून कधी वडिलांचे, आजोबांचे शाळेचे जुने दाखले मागवले जातात, ते दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेतून आणावे लागतात, आणि त्यातल्या आडनावात किंवा जातीच्या नोंदीत काना-मात्रेचा फरक निघाला तर प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. हे काम अकरावीतच हाती घ्यावे. याखेरीज अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचे वाटपपत्र, शुल्काची पावती आणि मध्ये वर्ष वाया गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र इतके कागद एका फोल्डरमध्ये स्कॅन करून, प्रत्येक फाइलला समजेल असे नाव देऊन ठेवावेत.

ज्या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तो बँक खात्याचा. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी आधारशी संलग्न असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी, म्हणजे खातेदाराच्या ओळख-पडताळणीसाठी, बँकेत आधार दिला म्हणजे दुसरी गोष्ट आपोआप होतेच असे नाही. एका आधार क्रमांकाशी एका वेळी एकच खाते या कामासाठी जोडलेले असते आणि शेवटी जोडलेले खाते ग्राह्य धरले जाते. त्यामुळे मधल्या काळात एखाद्या पेमेंट बँकेत सहज म्हणून उघडलेल्या खात्याकडे शिष्यवृत्ती वळू शकते, आणि विद्यार्थी मात्र जुन्याच पासबुकात नोंदी शोधत राहतो. सध्या कोणते खाते जोडलेले आहे हे मायआधार पोर्टलवर काही मिनिटांत तपासता येते. ते चुकीचे असेल तर योग्य बँकेच्या शाखेत संलग्नतेचा अर्ज द्यावा आणि नोंद बदलल्याची पुन्हा खात्री करावी. खाते ‘लघु खाते’ प्रकारचे, म्हणजे पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेले असेल तर त्यात साधारणपणे वर्षभरात एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. अशा खात्याचे पूर्ण केवायसी करून ते नियमित करून घ्यावे, नाहीतर मोठी रक्कम परत जाऊ शकते.

एवढे झाल्यावर पोर्टल उघडावे. नोंदणी आधारच्या आधारे होते, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा. तो क्रमांक घरातल्या मोठ्यांचा असेल तर अर्ज भरताना ते जवळ असलेले बरे. वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह अशा भागांत प्रोफाइल भरायचे असते. योजनांची यादी याच माहितीवरून ठरते. अपेक्षित योजना यादीत दिसत नसेल तर ती बंद झाली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी प्रवर्ग, उत्पन्न, प्रवेशाचा प्रकार आणि अभ्यासक्रमाचे वर्ष या चार नोंदी पुन्हा वाचाव्यात. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. अर्ज सायबर कॅफेतून भरून घेणार असाल तर वापरकर्ता नाव आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. कॅफेवाल्याच्या क्रमांकावर नोंदवलेला अर्ज वर्षभर त्याच्याच मर्जीवर राहतो.

अर्ज सादर झाला की अर्ज क्रमांकासह त्याची प्रत जपून ठेवावी आणि महाविद्यालयाने सांगितलेल्या मुदतीत कागदपत्रांसह शिष्यवृत्ती विभागात द्यावी. यानंतर महाविद्यालयातील लिपिक आणि प्राचार्य, मग संबंधित विभागाचे अधिकारी अशा क्रमाने पडताळणी होते. कोणत्याही टप्प्यावर त्रुटी काढून अर्ज परत पाठवला जाऊ शकतो आणि दुरुस्तीची मुदत मर्यादित असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी लॉगइन करून स्थिती पाहावी. केवळ मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नये. लिपिकाकडे स्वतः जाऊन विचारण्यात कमीपणा नाही. शेकडो अर्ज असलेल्या त्या टेबलावर विचारणा करणाऱ्याचा अर्ज लवकर हाती घेतला जातो, हे कार्यालयीन व्यवहारातले साधे सत्य आहे. काही योजनांत शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयाला द्यावी लागते. ती घरखर्चात वापरली गेली तर परीक्षेच्या वेळी थकबाकी पुढे येते.

पैसे प्रवेशाच्या दिवशी हाती नसतात, हे मात्र गृहीत धरावे. सवलतीस पात्र मुलींकडून प्रतिपूर्तीची रक्कम आधी घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी मागणी झाली तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. वसतिगृह, पुस्तके, लॅपटॉप यांसाठी उरणारी तूट शैक्षणिक कर्जाने भरायची असेल तर प्रथम पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असून दुसऱ्या कोणत्याही शासकीय शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याज सवलतीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे शिष्यवृत्ती आणि ही व्याज सवलत यांत निवड करावी लागते, आणि शुल्काची निम्मी किंवा पूर्ण प्रतिपूर्ती मिळणार असेल तर माझ्या मते शिष्यवृत्तीचे पारडे स्पष्टपणे जड आहे. कर्ज घेतलेच तर शिक्षण चालू असताना शक्य तेवढे व्याज भरत राहावे, म्हणजे ते मुद्दलात मिसळून फुगत नाही.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी करावा लागतो, त्याला मागील वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागते आणि उत्पन्नाचा दाखलाही चालू वर्षाचा लागू शकतो. म्हणून तहसीलची फेरी पुढच्या एप्रिलमध्येही करावी.